डब्यातला खोकला

आमच्या हामाने वस्तीत माणूस घराबाहेर पडला की आधी वाऱ्याकडे बघतो, मग खांबावरच्या दिव्याकडे, आणि सवड उरलीच तर समोरून येणाऱ्या माणसाकडे. हिरवा दिवा असला तर खुशाल हिंडा. पिवळा लागला की कमजोर छातीच्या पाहुण्यांनी आत जायचं, बाकीच्यांनी मास्क चढवायचा. लाल लागला की सगळ्यांनीच मास्क चढवून डब्यात पळायचं.

डबा म्हणजे वस्तीचं जुनं सभागृह. ओहाची डोंगर फुटला तेव्हा अख्खं बेट रिकामं केलं होतं. एकेक पिशवी घेऊन आम्ही जहाजात चढलो आणि काही वर्षं मुख्य भूमीवर परक्यांच्या इमारतींत काढून परत आलो. आमच्याआधी सरकार येऊन गेलं होतं. त्यांनी सभागृहाच्या खिडक्या कायमच्या बंद केल्या, दाराला रबराच्या पट्ट्या लावल्या आणि मागच्या भिंतीला हवा गाळणारं एक घुमणारं धूड बसवलं. ओहाची आता आग ओकत नाही, नुसता गंधकाचा वायू सोडतो. भांडण कधीच मिटलं तरी एखादा सासरा कोपऱ्यात बसून पुटपुटत राहतो ना, तसा.

मी फुसाए. वस्तीतलं एकुलतं दुकान माझं. साबण, आमटीचा मिसो, गळाच्या दोऱ्या आणि मास्कच्या गाळण्या, सगळं एकाच फळीवर. कोणी कोणाकडे मासे पाठवले, त्या घरून परत काय आलं, की नुसतंच हसून वाटी परत केली, हे माझ्या आपोआप लक्षात राहतं. लोक याला चोंबडेपणा म्हणतात. म्हणोत. पण कोणाकडे लग्नाचा आहेर काय न्यावा हे विचारायला हेच लोक माझ्याकडे येतात.

माझ्या या मनातल्या वहीत किनुआजीचं पान सगळ्यांत विचित्र होतं. तिचं सगळे देणं लागत होते आणि ती कोणाचंच लागत नव्हती. मुख्य भूमीवर आम्ही विखुरलो होतो. कोण या टोकाला, कोण त्या टोकाला, शेजारच्या दारावर कोणाचं नाव आहे तेही ठाऊक नाही. आजी लेकीकडे नवव्या मजल्यावर राहायची. तिने तिथल्या गॅलरीत कुंड्या मांडून आशिताबाची भाजी लावली. बेटावरून येताना पिशवीत बाकीच्यांनी दागिने घातले होते, हिने बी घातलं होतं. दर नव्या वर्षाला जुड्या बांधून, गाड्या बदलत बदलत ती हामानेच्या एकेका घरी जायची. बसायची नाही. जुडी द्यायची, "वास घ्या आणि विसरू नका," म्हणायची आणि निघायची. बेट उघडल्यावर इतर वस्त्यांमधली निम्मी माणसं परतली नाहीत. हामानेची जवळजवळ सगळी परतली. याचं श्रेय सरकारने स्वतःकडे घेतलं. आम्ही घेऊ दिलं.

पण त्या गाड्यांतून हिंडता हिंडता, नाहीतर त्या कोंडलेल्या घरात, आजीची छाती बिघडली. आणि नियम असा, की कमजोर छातीच्या माणसाला हामानेत घर करता येत नाही, कारण पश्चिमेचा वारा सुटला की डोंगराची सगळी वाफ आमच्याच अंगावर येते. म्हणून दर वसंतात तपासणी व्हायची. नळीत फुंकर मारायची आणि काटा किती चढतो ते बघायचं.

आमच्या वस्तीत निम्म्या लोकांचं आडनाव असानुमा. यंदा परिचारिकेने "असानुमा किनुसान" म्हणून हाक मारली तेव्हा उठली ती मच्छीमार तोकुजीची बायको, हारु. जन्मभर माकूल सुकवलेल्या त्या बाईने नळीत अशी फुंकर मारली, की परिचारिका म्हणाली, "कमाल आहे आजी! या वयात ही छाती?"

या वयात म्हटल्यावर हारुचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण गिळला तिने तो घोट. घरी गेल्यावर मात्र तोकुजीला विचारलं म्हणे, "मी खरंच तेवढी दिसते का हो?" तोकुजी म्हणाला, "छातीने नाही." त्या दिवशी तो माझ्या दुकानात येऊन जेवला.

तर आजी राहिली. तिचं घर डब्यासमोरच, रस्ता ओलांडला की. छप्पर वायूने गंजून तांबूस झालेलं, मागे भाजीचा तुकडा. पिवळा दिवा लागला की ती सहज आल्यासारखी डब्यात येऊन बसायची, आणि सोबत म्हणून कोणीतरी धडधाकट माणूसही यायचं. दिसताना ते गप्पांना आल्यासारखं दिसावं, एवढाच हेतू.

हे सगळं हिगुचीपासून लपवायचं होतं. हिगुची हा आमच्याकडचा डोंगर-निरीक्षक. तरुण, सरळ आणि मुख्य भूमीचा. कंपमापकाच्या सुया, डोंगराचा उतार फुगतोय का ते बघणारी नळकांडी, वायूचे काटे, सगळं तो सांभाळायचा. काटा बिघडला तर स्वतः मास्क लावून वर चढायचा. त्याच्यात खोट एकच. भोंग्यावरून इशारा देताना तो आधी माफी मागायचा. "हामानेवासीयांनो, आपल्याला तसदी देत आहोत, क्षमा असावी. वायूचं प्रमाण वाढलं आहे." तोकुजी म्हणायचा, "याची क्षमा संपेपर्यंत माणूस मरेल."

त्या दिवशी, शरद सरता सरता, जेवणं नुकतीच आटोपली होती. पश्चिमेचा वारा सुटला. दिवा पिवळ्यावर न थांबता थेट लाल झाला. क्षमा मागून झाली, मास्क चढले, आणि वस्ती डब्यात शिरली. लाल दिव्याला हिगुचीनेही डब्यात येऊन बसायचं आणि आतला काटा वाचत राहायचं, असा त्याचा नियम. त्याने सगळे आले का ते बघितलं, दार ओढून घेतलं, रबराच्या पट्ट्या चिकटल्या. आता दिवा पिवळा होईपर्यंत आतला माणूस आत.

डब्यात बसणं काय असतं ते बसल्याशिवाय कळत नाही. खिडक्या आहेत पण उघडत नाहीत. काचेपलीकडे आपलंच घर, आपलंच वाळत घातलेलं धुणं, आणि मध्ये एक निळसर पातळ धुकं. हात लांब केला तर दोरी सापडेल असं वाटतं. आत चहाची किटली, चटया, आणि एरवी ज्यांना टाळता येतं असे सगळे शेजारी. एखाद्याची गोष्ट आवडली नाही म्हणून उठून जाता येत नाही. यंत्र घुमत असतं, आणि मधूनमधून दम खाल्ल्यासारखं गप्प होतं. तेवढ्या वेळात कोणाचं पोट गुरगुरलं तरी अख्ख्या वस्तीला कळतं.

किनुआजी किटलीजवळ बसली होती. रस्ता ओलांडेपर्यंत तिने मास्क कसाबसा धरला होता. तो तिला फार वेळ सोसायचा नाही, त्यातून ओढून श्वास घ्यावा लागतो आणि तेवढी ओढ तिच्यात उरली नव्हती. आता तिने रुमाल तोंडाशी धरला होता. यंत्र घुमत होतं तोवर ठीक होतं. तिचे खांदे हलताना मला दिसायचे, आवाज यंत्राखाली दडायचा. मी हारुकडे बघितलं. हारुने तोकुजीला कोपर मारलं.

तोकुजीने पिशवी उघडून कुसाया बाहेर काढला. जुन्या आंबलेल्या खारवणात मुरवून सुकवलेला हा मासा आमच्या बेटाचा अभिमान आहे, पण तो उघड्यावर खायचा असतो. बंद खोलीत त्याने काय केलं असेल ते बेटाबाहेरच्या माणसाला सांगून उपयोग नाही.

"अरे देवा," न्हावी माकियो ओरडला. "दार उघडा! बाहेरचा वायू परवडला!"

"गप रे. तुझ्या दुकानातल्या तेलापेक्षा बरा वास आहे."

"हिगुचीसान, याच्यासाठी तुमच्याकडे कुठला दिवा नाही का?"

हिगुचीसुद्धा हसला. आणि नेमकं तेव्हाच यंत्र दम खायला थांबलं.

आजीचा खोकला डब्यात पडला. एकदा नाही. एक सुटला, मग त्याने मागचे सगळे ओढून आणले. कोरडा, खालून खरवडत आलेला.

हिगुचीचं हसू गेलं. "कोणाला त्रास होतोय?"

"मला!" तोकुजी म्हणाला आणि खोकला. "हा कुसाया. घशातच गेला."

"खायला सुरुवात तरी केलीस का?" माकियो बोलून गेला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तोही खोकला. चूक भरून काढायची म्हणून जरा जास्तच. हारु खोकली. तिच्यामागे तिची जाऊ खोकली. आमच्याकडे पहिलं कोणी व्हायचं नाही हा शिष्टाचार आहे, पण शेवटचं राहणं त्याहून वाईट. शेजारी खोकतोय आणि आपण नुसतं बसायचं हे कोणाला बरं दिसेल? भिंतीपासून दारापर्यंत सगळे खोकायला लागले. मीही खोकले. माझा बराच खरा वाटला असावा, कारण कोणीतरी माझी पाठ थोपटली.

सगळ्यांच्या खोकल्याखाली आजीने मोकळेपणाने खोकून घेतलं. मला वाटलं, जमलं.

हिगुची मात्र पांढरा पडला होता. तो आतल्या काट्यापाशी गेला. काचेवर टिचकी मारली. पुन्हा मारली. मग वळून आमच्याकडे बघितलं.

"काटा शून्यावर आहे."

"मग झालं तर," तोकुजी म्हणाला.

"झालं कसं? काटा शून्यावर आहे आणि तुम्ही सगळे खोकताय. म्हणजे काटा बिघडलाय. गाळणी बिघडलीय. आत वायू येतोय."

"अहो, साधा घसा हो..."

"एकदम सगळ्यांचा?" त्याने हात वर केला. "मला इथे पाठवताना पहिली गोष्ट शिकवली ती ही. डोंगर फुटायच्या आधी इथली माणसं सांगत होती की विहिरींचं पाणी कोमट लागतंय. कचेरीत सुया शांत होत्या, म्हणून कोणी ऐकलं नाही. यंत्र आणि माणूस यांचं जुळलं नाही, तर माणसाचं धरायचं."

आजवर आलेल्या निरीक्षकांत यंत्रापेक्षा आमच्यावर विश्वास ठेवणारा हा पहिलाच. आणि त्याने मुहूर्त निवडला तो आम्ही सगळे मिळून खोटं बोलत होतो तो.

त्याने वायरलेस उचलला. "हामाने बोलतोय. आश्रयाची खोली निकामी. सगळ्यांना लक्षणं. बस पाठवा, पूर्ण वस्ती बंदरावर हलवायची आहे."

पलीकडून गावकचेरीचा आवाज आला. "बस निघते. सगळ्यांना मास्क लावून तयार ठेवा."

खोकला थांबला. सगळ्यांचा, एकाच क्षणी, दिवा मालवावा तसा.

बंदराकडचा रस्ता ओहाचीच्या पायथ्याशी वळणं घेत जातो. लाल दिव्याच्या वेळी त्या खोलगट वळणांत वायू तळ्यासारखा साचतो. आम्हाला तिथून मास्क लावून नेलं तर डोळे चुरचुरतील, शिव्या देऊ आणि पोचू. आजी पोचणार नाही. हे हिगुची सोडून डब्यातल्या सगळ्यांना कळलं होतं.

"बस कशाला?" तोकुजी म्हणाला. "बघा, बरे झालो आम्ही."

"ठणठणीत," माकियो म्हणाला.

हिगुची तोकुजीसमोर गुडघ्यांवर बसला. "असा एकदम थांबला कसा? श्वास घेता येतोय ना? खोल घ्या बघू. आवाज काढा."

"आ," तोकुजी म्हणाला.

"घोगरा आहे."

"जन्मापासूनचा आहे!"

खोकलं तर बस येणार. गप्प बसलं तरी बस येणार. खरं सांगितलं तर बस येणार नाही, पण आजीचं नाव कचेरीत जाणार, आणि वारा पडल्यावर पहिल्या जहाजाने ती नवव्या मजल्यावर. डब्याला एकच दार आहे हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी तेही नाही असं वाटलं. कोणीच आजीकडे बघेना. सगळी वस्ती किटलीकडे बघत होती, जणू किटलीच काहीतरी सुचवणार होती. आणि मी, जिला सगळ्यांची देणी तोंडपाठ, तीही. आजीच्या जुड्या आमच्या प्रत्येकाच्या दारात आल्या होत्या, तिचं देणं फेडायची हीच वेळ होती, आणि फेडायचं कसं तेच कळत नव्हतं. बोलून की न बोलून?

बाहेर घाटावरून बसचा भोंगा ऐकू आला. लांबून, पण आला.

आजीने रुमालाची घडी घालून बाहीत ठेवली.

"पोरा," ती हिगुचीला म्हणाली, "ते यंत्र चांगलं आहे. त्याला का नावं ठेवतोस? बिघडलेली मी आहे."

"आजी, तुम्ही गप बसा बघू," हारु म्हणाली.

"तू गप बस. माझ्या नावाने फुंकलीस, आता माझ्या नावाने बोलू नकोस." मग ती खोकली. अडवलं नाही तिने. तो खोकला संपेपर्यंत कोणी हललं नाही, आणि तो लवकर संपला नाही. "हा अस्सल," ती तोंड पुसत म्हणाली. "बाकीचे सगळे नाटकी. आणि फुसाए, तू तर काहीच्या काही. मांजर शिंकल्यासारखं."

हिगुची तिच्याकडे बघत राहिला. त्याला राग येईल असं मला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा दारात बोट सापडलेल्या माणसासारखा झाला.

"हे मला सांगायला नको होतं, आजी."

"मग काय, बसमध्ये बसून मरू?"

त्याने वायरलेस तोंडाशी धरला. "हामाने बोलतोय. बस परत बोलवा. खोली ठीक आहे. माझी समजायची चूक झाली. एका व्यक्तीची छाती कमजोर आहे."

"हामानेत कमजोर छाती? नाव सांगा."

हिगुचीने आजीकडे बघितलं, मग डब्यात भरलेल्या आम्हा सगळ्यांकडे. "असानुमा," तो शेवटी म्हणाला.

"कोण असानुमा?"

"मी!" तोकुजी ओरडला. "मी," हारु म्हणाली. माकियो तर असानुमाही नाही, तोही म्हणाला, "मी!" डब्याच्या चारी कोपऱ्यांतून असानुमा उठले. गावकचेरी पलीकडे गोंधळून विचारत होती की तिकडे काय चाललंय. आजीला हसू आलं, हसताना पुन्हा ठसका लागला. तिने हात पुढे केला, हिगुचीच्या हातातला वायरलेस आपल्या तोंडाशी ओढला आणि तिच्या पातळ आवाजात म्हणाली, "किनु. कि-नु. आणि बसवाल्याला सांगा, सावकाश जा, वळणावर धुकं असतं."

वारा संध्याकाळपर्यंत पडला नाही. तोवर आम्ही आत बसून राहिलो. तोकुजीने कुसाया परत बांधून ठेवला.

जहाज आलं, तेव्हा हिगुची कचेरीत जाऊन साहेबांसमोर बसला. काय झालं ते मला तिथल्या चहावाल्या बाईने सांगितलं. साहेबांनी नियम वाचून दाखवला, कमजोर छातीच्या व्यक्तीने हामानेतल्या घरात राहू नये. हिगुचीने दोनदा क्षमा मागितली आणि विचारलं, "आश्रयाची खोली हे घर आहे का?" साहेबांनी पुस्तक उलटंसुलटं केलं. नसावं, असं ते म्हणाले. पुढच्या बैठकीत ठरवू, तोवर ठेवा.

तर आजी आता डब्यात राहते. नवव्या मजल्यापेक्षा बरं, म्हणते. मी एकदा म्हटलं, "आजी, इथे तर खिडकीसुद्धा उघडत नाही." ती म्हणाली, "तिथे उघडली तरी दिसायचं काय? इथून माझं छप्पर दिसतं." छप्पर दिसतं हे खरं. ते थोडं थोडं खाली येतानाही तिला दिसतं, कारण आत माणूस नसलं की वायूला घर लवकर सापडतं. ती त्याबद्दल बोलत नाही. यंत्र दम खायला थांबलं की रस्त्यापलीकडे माझ्या दुकानात तिचा खोकला ऐकू येतो. तो आता कोणी झाकत नाही. बैठक अजून झालेली नाही. होऊ नये म्हणून कोण कोण कोणाकडे मासे पाठवतंय ते मला ठाऊक आहे, आणि या खेपेला मी ते कोणाला सांगणार नाही.

हिरवा दिवा असेपर्यंत तिला बाहेर पडायची मुभा आहे. परवा ती मागच्या तुकड्यात आशिताबा खुडत होती. वारा फिरला आणि दिवा पिवळा झाला. आम्ही सगळ्यांनी आपापल्या दारांतून बघितलं. ती उठेना. मग भोंगा खरखरला.

"हामानेवासी असानुमा किनुसान," हिगुचीचा आवाज सगळ्या वस्तीवरून गेला. या वेळी क्षमा नव्हती. "आत चला. आत्ता."

आजीने भोंग्याकडे बघून हात झटकला, माशी वारावी तसा. आणखी एक पान खुडलं. मग जुडी पोटाशी धरून सावकाश रस्ता ओलांडायला लागली. तोकुजी जाळं तसंच टाकून उभा होता. माकियोच्या दुकानात अर्धी दाढी झालेला माणूस दारात आला होता. तिचा पाय आत पडेपर्यंत, आणि दाराच्या रबरी पट्ट्या चिकटल्याचा आवाज येईपर्यंत, आमच्यापैकी कोणीही मास्क चढवला नाही.